फोटोतला शालू

ही बरोबर नसताना एखाद्या लग्नाला जाऊन आलो की दारातच प्रश्न येतो, "नवरीनं काय नेसलं होतं?" मी पस्तीस वर्षं या प्रश्नाला 'साडी' असं उत्तर देत आलो आहे. एकदाच धीर करून 'लाल साडी' म्हणालो. ती साडी आमसुली होती, हे दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींकडून सिद्ध झालं आणि जावईबापूंना लाल आणि आमसुली यांतला फरक कळत नाही ही बातमी हिच्या माहेरापर्यंत पोचली. तेव्हा वधूच्या पोशाखाची समीक्षा करायला मी कितपत लायक आहे, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. अर्थात मराठीत समीक्षेचं एवढ्यातेवढ्यानं कधी अडलेलं नाही.

निमित्त झालं भाचीच्या लग्नाचं. मुलगी डोंबिवलीची, मुलगा पुण्याचा, पण लग्न गुहागरला, आमच्या घरी, म्हणजे तिच्या आजोळी. मला आधी वाटलं, आजीवरचं प्रेम. आजी शहाऐंशीची, तिला प्रवास झेपत नाही, म्हणून पोरीनं लग्नच तिच्या अंगणात आणलं. माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, एवढ्यात भाची फोनवर म्हणाली, "मामा, थीम व्हिंटेज आहे. तुझं घर अगदी परफेक्ट आहे. फक्त त्याला रंग देऊ नकोस हं!"

भिंतींना रंग द्यायचं चार वर्षं राहून गेलं होतं आणि त्यापायी मी हिची बोलणी खात होतो. माझा आळस एका फोनसरशी माझ्या सौंदर्यदृष्टीच्या खात्यात जमा झाला.

"व्हिंटेज म्हणजे काय रे?" आईनं विचारलं. मी शब्दकोश काढला. शब्द मुळात द्राक्षांच्या तोडणीचा. अमुक वाइन कुठल्या सालच्या द्राक्षांची, हे सांगायला तो वापरत. तिथून तो जुन्या मोटारींना लागला आणि मोटारींवरून नवऱ्यामुलींना.

"म्हणजे दारूचा शब्द," आई म्हणाली. "आणि व्याडेश्वरापुढे पहिली अक्षत ठेवायची ती ह्या नावानं?"

"आई, व्हिंटेज म्हणजे जुन्या काळचं, पण मोलाचं."

"असं होय? मला मेलं कोणी म्हणालं नाही ते कधी."

खरं म्हणजे आमच्या गावाला जुनं दिसण्यासाठी मुद्दाम काही करावं लागत नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला रस्ता, मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाडीत घरं. आमच्या विहिरीवर अजून रहाट आहे. तो तीस वर्षं फिरलेला नाही, कारण विहिरीत पंप आहे. पण भाचीच्या यादीत 'रहाटाला तेल घालणे' हे कलम होतं. नऊवारी नेसून रहाटाशी फोटो काढायचे होते. गावात उफराटा गणपती आहे. त्याचं तोंड मूळचं पूर्वेकडे होतं, समुद्र गावावर चालून येतोसा दिसल्यावर त्यानं ते पश्चिमेकडे फिरवलं, अशी कथा सांगतात. हल्लीच्या लग्नांचंही काहीसं तसंच झालं आहे. गणपतीला निदान समुद्र अडवायचा होता.

आता माझा या प्रकरणाशी संबंध कुठं आला, ते सांगतो. गौरीहर पूजताना मुलीनं नेसायची पिवळी साडी, म्हणजे अष्टपुत्री, आमच्याकडे मामानं द्यायची असते. नावातच आठ मुलांचा आशीर्वाद आहे. ते मी भाचीला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, आमचं सध्या एका मांजरावर एकमत होतंय."

मी दादरला एका दुकानात गेलो. "नऊवारी, पिवळी, मुलीसाठी," असं सांगितलं. विक्रेता म्हणाला, "शिवलेली की बिनशिवलेली?" मला वाटलं पोलक्याबद्दल विचारतोय. पण तो साडीबद्दलच विचारत होता. शिवलेली साडी! उकडलेलं श्रीखंड म्हणावं तसं ते मला ऐकू आलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, बिनशिवलेली हल्ली फार कोणी नेत नाही. नेसवणार कोण?"

त्याचा हा प्रश्न मला तेव्हा आगाऊपणाचा वाटला. मग त्यानं प्रकार दाखवायला सुरुवात केली. पेशवाई, राजलक्ष्मी, शाही मस्तानी. चौथी एक जरीची घडी उघडत म्हणाला, "ही सेमी पैठणी." सेमी म्हणजे निम्मी, उरलेली निम्मी कुठं असते, देव जाणे. पण निघताना हिनं एक युक्ती पढवली होती. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहावा. मागच्या बाजूलाही मोर तसाच दिसतो. यंत्रावरच्या पैठणीचा मोर पुढून मोर असतो, मागून धाग्यांचं जंजाळ. मी पदर उलटा केला. जंजाळ होतं. विक्रेत्यानं माझ्याकडे प्रथमच आदरानं पाहिलं. माझ्या आयुष्यातला समीक्षक म्हणून तो एकमेव विजय.

शाही मस्तानीपाशी मात्र मी अडलो. मस्तानी ही बुंदेलखंडच्या छत्रसालाची मुलगी. बाजीरावाच्या घरच्या सोवळ्यातल्या, नऊवारीतल्या बायकांनी तिला कधी आपल्यात घेतली नाही, तेच तर तिचं दुःख. आणि आता नऊवारीलाच तिचं नाव! बरं, नवऱ्यामुलीनं बोहल्यावर चढताना अंगावर घ्यायला हेच नाव सापडावं? मी विचारलं, "काशीबाई आहे का?" विक्रेता म्हणाला, "त्या नावाचा पॅटर्न नाही."

हे सगळं पडद्यावरून आलं, हे मला पुढं हिनं सांगितलं. २०१४ साली दूरदर्शन संचावर 'जय मल्हार' मालिका सुरू झाली आणि म्हाळसेचे दागिने लग्नालग्नांतून दिसू लागले. २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' हा चित्रपट आला. त्यात काशीबाई आणि मस्तानी या दोघींना नऊवारी नेसवून एकाच गाण्यात नाचवलं, तेव्हा पेशव्यांच्या वंशजांनी हरकत घेतली होती. साड्यांच्या दुकानदारांनी घेतल्याचं ऐकिवात नाही.

पण ही खोड आपल्यालाच आहे असं मात्र नाही. बाजीराव गेला १७४० साली. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८४० च्या फेब्रुवारीत, लंडनला व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं. तिनं पांढरा झगा घातला. तोवर तिकडच्या नवऱ्यामुली आपल्याकडे जो चांगल्यातला असेल तो रंग घालत. पांढराच पाहिजे असा नेम नव्हता. राणीच्या झग्याला हातानं विणलेली लेस होती, आणि यंत्रांमुळे ज्यांचा धंदा बसला त्या विणणाऱ्या बायकांना काम मिळावं हाही त्यात हेतू होता. पुढं बायका आल्या, त्यांनी राणीचा रंग तेवढा उचलला. विणकरणींचं कोणी ध्यानात ठेवलं नाही. आज वसईपासून गोव्यापर्यंतच्या देवळांतून, म्हणजे त्यांच्या देवळांतून, जो पांढरा झगा दिसतो तो पुराणकाळापासून चालत आला आहे असंच वाटतं. १९५६ साली ग्रेस केली मोनॅकोच्या राजाची राणी झाली, तेव्हा तर तिचा लग्नाचा झगा एमजीएम या सिनेमा कंपनीच्याच वेशभूषाकर्तीनं, हेलन रोझनं, तयार केला होता. जगभरच्या मुली अजून त्याची नक्कल करतात. तेव्हा आमची भाची काही जगावेगळी नव्हे.

शिवलेल्या नऊवारीबद्दल मात्र मला समीक्षक म्हणून चार शब्द बोलायचे आहेत. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. त्याला एक टाका नाही, बटण नाही, हूक नाही. नुसत्या गाठीवर, निऱ्यांवर आणि खोचण्यावर ते दिवसभर उभं राहतं. काष्टा मागं घट्ट खोचला की बाई विहिरीवर जायला, पाखाडी चढायला, पोफळीची शिंपणी करायला मोकळी. बाळंतपणानंतर बाई दीडपट झाली तरी साडी तीच. निऱ्या दोन कमी होतात, एवढंच. साठोत्तरी समीक्षेच्या भाषेत सांगायचं तर इथं आशय आणि आकृतिबंध यांची सेंद्रिय एकात्मता आहे. शिवलेल्या नऊवारीत आकृतिबंध आहे, पण तो चेनवर अवलंबून आहे. एक पायजमा घ्यायचा, त्याला पुढं शिवलेल्या निऱ्या लावायच्या, मागं शिवलेला काष्टा लावायचा आणि बाजूला चेन. दोन मिनिटांत पेशवाई चढते, दोन मिनिटांत उतरते. खऱ्या पेशवाईलाही चढायला याहून पुष्कळ वेळ लागला होता.

(इथं एक कबुली द्यायला हवी. लग्नात मी जे धोतर नेसलो होतो त्याला इलॅस्टिक होतं. आत खिसाही होता, त्यात मोबाइल मावत होता. पण समीक्षकाला स्वतः कविता लिहिता यायलाच हवी, असं थोडंच आहे?)

मी बिनशिवलेलीच घेतली. सुती, पिवळी, लाल काठांची. गुहागरला येऊन ती आईच्या पुढ्यात ठेवली आणि नऊवारीच्या थोरवीवर वरचं सगळं व्याख्यान तिला दिलं. तिनं सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू नेसली आहेस कधी?"

"मी कशाला नेसू?"

"मग मला कशाला सांगतोस? वैशाखातल्या घामात, चुलीपुढं, नऊ वार गुंडाळून बस म्हणजे कळेल तुझा तो सेंद्रिय का काय ते. गोल पातळ नेसायला मिळावं म्हणून मी नऊ वर्षं वाट बघितली हो. नेसले त्या दिवशी तुझ्या आजोबांनी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचंच डोकं दुखायला लागलं, तेव्हा मागितला." एवढं बोलून ती थांबली आणि म्हणाली, "त्या शिवलेल्यात चेन असते म्हणतोस? कुठल्या बाजूला?"

माझ्या समीक्षेची निम्मी इमारत तिथंच खचली. उरलेली निम्मी भाचीनं आणलेल्या शालूनं पाडली.

आमच्या माजघरात आईबाबांच्या लग्नाचा फोटो आहे, १९५७ सालचा. वडील टोपी घालून खुर्चीवर आणि आई शेजारी उभी. अंगावर शालू, नाकात नथ, कपाळाला मुंडावळ्या, चेहरा गंभीर. एका हातात नारळ. तो तिनं अंगापासून वीतभर दूर, हलकेच उचलून धरला आहे. भाचीनं मागच्या दिवाळीत या फोटोचा फोटो काढून नेला होता आणि मुंबईतल्या एका वेशभूषाकाराकडून त्यातला शालू हुबेहूब बनवून घेतला होता. मुहूर्ताला तोच नेसायचा, उभं राहायचं तेही तस्संच. नारळ धरलेल्या हाताची 'ती ग्रेस' यावी म्हणून ती आठ दिवस आरशापुढं सराव करत होती. नारळ मिळेना तेव्हा पेपरवेटवर.

शालूची पेटी उघडली. काठ तेच, बुट्टे तेच. रंग मात्र कसलासा फिका, तपकिरीकडे झुकणारा गुलाबी. याला कांद्याच्या सालीचा रंग म्हणतात आणि हल्ली त्याला फार मागणी आहे, असं मला कळलं. आईनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "विटलाय का गो हा?"

"नाही आजी, व्हिंटेज शेड आहे. फोटोत तस्साच दिसतो ना?"

"फोटो विटलाय मेला! अडुसष्ट वर्षं भिंतीवर आहे तो. शालू चांगला गुलबक्षी होता, डोळ्यात भरेल असा. हिरवे काठ."

मला तेव्हा लख्ख कळलं की ही सगळी फॅशन कुठं चुकते ते. आपण जुन्या माणसांची नक्कल करत नाही, त्यांच्या फोटोंची करतो. फोटो पिवळे पडले म्हणून आपल्याला वाटतं की जुनी माणसं फिक्या रंगांत वावरत होती. अहो, ज्या भाषेत डाळिंबी, मोरपंखी, गुलबक्षी, चिंतामणी, वांगी, पोपटी, अबोली हे सगळे साडीचे रंग आहेत, त्या भाषेतल्या बायका कांद्याच्या सालीत कशाला शिरतील? (हे रंग मला हिनं सांगितले. ओळखायला सांगू नका.) हे मी बोलून दाखवणार होतो, पण आई पुढं बोलली आणि माझं राहूनच गेलं.

"आणि तो शालू आमचा नव्हताच."

तिचं माहेर गावातलंच, खालच्या पाटातलं. शालू वरच्या पाटातल्या एका मोठ्या घरचा. ज्या घरी लग्न निघेल तिथं तो मागून आणायचा, अशी रीतच होती. त्या वैशाखात आईनंतर आणखी दोघींना तो नेसायचा होता. शालूबरोबर त्या घरच्या काकू आल्या होत्या. फोटोवाला चिपळूणहून आलेला. काकू त्याच्या मागं उभ्या राहिल्या होत्या, शालूवर डोळा ठेवून. "हसू कसलं येतंय? आणि नारळाची शेंडी शालूला लागून धागा ओढला गेला तर काय घ्या, म्हणून तो असा लांब धरलाय बघ. हात भरून आला होता माझा."

भाचीच्या हातात अजून पेपरवेट होता. तो तिनं हळूच खाली ठेवला.

"मग जेवलीस कधी तू?" तिनं विचारलं.

"शालू उतरवून, घडी घालून, त्यांच्या स्वाधीन केल्यावर. त्यात जेवायला कोण बसू देणार? तोवर पंगती उठल्या होत्या. जिलब्या संपल्या होत्या. वरणभात होता, गार. पण भूक लागलेली, बरा लागला."

अडुसष्ट वर्षं तो फोटो आमच्या घरात आहे. त्याच्याखाली बसून मी अभ्यास केला, परीक्षांना जाताना त्याला नमस्कार केला. आई त्यात उपाशी आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

तिचं स्वतःचं म्हणावं असं लग्नातलं वस्त्र एकच होतं, मामानं दिलेली अष्टपुत्री. ती कुठं आहे, असं भाचीनं विचारलं. जपून ठेवली असेल, तिचा एखादा तुकडा आपल्या पोलक्याला लावता येईल, असं तिच्या मनात होतं. आई म्हणाली, "ती? ती नेसून नेसून संपली." पहिलं वर्षभर सणावारी नेसली, मग रोज. विरायला लागली तेव्हा तिची दुपटी केली. त्यातल्या एका दुपट्यात मी होतो, दुसऱ्यात भाचीची आई. आमचं झाल्यावर चुलीवरचं पातेलं उतरायला फडकी झाली. त्यानंतरचं आईला आठवत नाही.

मला पुन्हा त्या व्हिक्टोरियाबाई आठवल्या. तिनंही लग्नातली लेस पेटीत ठेवून दिली नव्हती. पुढं कितीतरी समारंभांना ती अंगावर चढवली, आणि १९०१ साली ती गेली तेव्हा लग्नातलाच जाळीचा रुमाल तोंडावर घालून तिला पुरलं. एवढ्या साम्राज्याची राणी, पण कापड वसूल करण्याच्या बाबतीत अगदी आमच्या आईसारखी.

लग्नाच्या दिवशी पहाटे अष्टपुत्री नेसवायची वेळ आली. घरात बायका चौदा. नऊवारी नेसवता येणारी एक, तिचे हात थरथरतात. मला दादरच्या विक्रेत्याचा प्रश्न आठवला. आई स्टुलावर बसली, भाचीला पुढ्यात उभी केली, ही आणि माझी बहीण दोन टोकं धरून. दाराबाहेर मला नुसते आवाज ऐकू येत होते. "अगो, ओचा आधी." "ओढ, ओढ, मरत नाही ती." "इथं गाठ. सैल ठेवलीस तर मंडपात लाज जाईल." पार्लरवाली मुलगी कोपऱ्यात उभी राहून आपल्या मोबाइलवर चित्रण करत होती. बारा मिनिटं लागली. भाची बाहेर आली ती चालतच आली नाही, धावत आली. "मामा, यात पळता येतं!" म्हणाली आणि थेट विहिरीवर जाऊन तिनं रहाट ओढला. तेल घातलेलं होतं, रहाट फिरला. लोटे कधीच नाहीसे झालेले, त्यामुळे पाणी काही आलं नाही. आणि फोटोवाला तेव्हा ओटीवर पोहे खात होता, त्यामुळे फोटोही नाही.

मुहूर्ताला कांद्याच्या सालीचा शालू. त्याचे फोटो शेकडो निघाले. माजघरातल्या फोटोखाली उभी करून निघाले, अंगणात निघाले, समुद्रावर सुरूच्या बनात निघाले. दीड वाजला. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. भाची अजून उभीच. शालूला चुणी पडू नये म्हणून बसत नव्हती. फोटोवाल्यानं तिच्या हातात नारळ दिला. तिनं तो सराव केल्याप्रमाणे वीतभर दूर धरला.

आई काठी टेकत मांडवात आली. फोटोवाल्याच्या मागं येऊन उभी राहिली. जराशानं तिनं विचारलं, "हा शालू आता परत कोणाला द्यायचाय गो?"

"कोणाला नाही, आजी. माझाच आहे."

"मग ठेव तो नारळ खाली नि बस पानावर. जिलब्या संपतील."

भाची बसली. मांडी घालून बसली. चार जिलब्या खाल्ल्या, पाचवी नवऱ्याच्या पानातली उचलली. मठ्ठ्याची वाटी कलंडली, ती पदरावर. तिनं "अय्या!" म्हणून आजीकडे पाहिलं. आई शेजारच्या बाईला सांगत होती, "धुतल्यावर जरा उजळ होईल बघा."